पोटात दोन लिटर पाणी घेऊन हंपीला

पोटाच्या डायलिसिसला दिवसाला चार बॅगा लागतात. एका बॅगेत दोन लिटर पाणी, म्हणजे रोजचे आठ लिटर. नळ्या, जोडीची रिकामी पिशवी, वरचं खोकं धरलं तर वजन आठ किलोच्या पुढेच जातं. चार दिवस कुठं जायचं म्हटलं की आधी पस्तीस किलोंचा बंदोबस्त करायचा आणि मग तिकिटाचं बघायचं. आमच्या घरी प्रवासाची बोलणी हल्ली अशीच सुरू होतात.

आधी मी मशीनवर होते, म्हणजे हातातलं रक्त नळीने बाहेर काढून, मशीनमधून स्वच्छ करून परत आत सोडायचं. आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास. माझे वार सोम-बुध-शुक्र. शुक्रवारचं डायलिसिस झालं की सोमवारपर्यंत मोकळीक. पण शनिवारी अंगात त्राण नसायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत पाय सुजून चपलेचे पट्टे रुतायला लागायचे. उरला रविवारचा अर्धा दिवस. सांगलीतून अर्ध्या दिवसात नरसोबाची वाडी होते, औदुंबर होतं, फार तर कोल्हापूर. वाडीला मी इतक्यांदा गेले की घाटावरचा पेढेवाला ‘या आठवड्यात उशीर केला’ म्हणायला लागला.

मशीनवर असताना लांबचा म्हणावा असा प्रवास झाला तो पुतण्याच्या लग्नासाठी पुण्याला. वाचणाऱ्यांपैकी बरेच जण मशीनवर असतील, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. दुसऱ्या गावी डायलिसिस करून घ्यायचं तर तिथल्या सेंटरला आपल्या डॉक्टरांचं पत्र लागतं. त्यात ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचा डोस, डायलायझर, म्हणजे रक्त गाळायची नळकांडी, कुठला, किती तास, आणि मागच्या दोन-तीन वेळच्या नोंदी. शिवाय एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि हेपटायटिस सी यांचे ताजे रिपोर्ट. जुना रिपोर्ट चालत नाही, कारण हेपटायटिस बी असलेल्याला वेगळं मशीन द्यावं लागतं. हे सगळं मी चार आठवडे आधी पाठवलं होतं. सेंटरने फोनवर ‘हो हो, या’ म्हटलं आणि आदल्या दिवशी ‘मशीन रिकामं नाही’ म्हणून कळवलं. भांडून शेवटी रात्रीची वेळ मिळाली. घरी पोरीबाळी हळद लावत होत्या तेव्हा मी मशीनला जोडलेली होते.

त्याहून अवघड जातं ते आपला हात परक्या माणसाच्या ताब्यात देणं. फिस्टुला म्हणजे सुया टोचता याव्यात म्हणून हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. तो हात आपल्यापुरता ओळखीचा असतो. कुठं टोचलं की धार नीट लागते, कुठं टोचलं की फुगतं, हे आपल्या नेहमीच्या टेक्निशियनला माहीत असतं. नव्या मुलाला मी सांगितलं, “वरची सुई इथं, जरा तिरकी, आणि थरथर लागते त्या जागेच्या फार जवळ नको.” तो म्हणाला, “मॅडम, आम्ही रोज करतो.” मी म्हटलं, “माझ्या हाताला नाही करत.” तो हसला आणि मी दाखवली तिथंच सुई लावली. सांगायला लाजू नये. २०१६ मध्ये पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाल्यापासून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांतही मशीनं आली आहेत, त्यामुळे आता विचारायला जागा तरी बऱ्याच आहेत.

एक राहिलंच. डायलिसिसच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, पण ती उपचारासाठी जाण्या-येण्यापुरती. लग्नाला, देवाला, फिरायला जायचं तर पूर्ण तिकीट. काही जण दवाखान्याच्या नावाखाली फॉर्म भरून घेतात. मला ते पटत नाही.

पुण्याहून आल्यावर पोटाच्या डायलिसिसचं मनावर घेतलं. त्याची कारणं बरीच होती, पण ठिकठिकाणी मशीनच्या वेळेसाठी हात जोडायचा कंटाळा हे त्यातलं मोठं. पोटात एक मऊ नळी बसवतात, दोनेक आठवडे ती रुळू देतात, मग शिकवतात. पोटात सोडलेलं पाणी चार-सहा तास आत राहतं, पोटाच्या आतल्या पडद्यातून रक्तातली घाण आणि जादा पाणी ओढून घेतं, मग ते काढून टाकायचं आणि नवं सोडायचं. आमच्यात याला ‘बॅग करणं’ म्हणतात. सकाळी सहाला, अकराला, संध्याकाळी पाचला आणि रात्री दहाला. मशीन नको, सुई नको, वीजही नको. लागतो एक स्वच्छ कोपरा, वाहतं पाणी आणि बॅग अडकवायला काहीतरी.

हंपीचं खूळ वन्संचं. माझ्या थोरल्या नणंदेच्या गळ्यात माळ आहे, वारी चुकत नाही. पंढरीचा विठ्ठल कृष्णदेवरायाने विजयनगरला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, ही कथा वारकऱ्यांत सगळ्यांना ठाऊक असते. वन्संना ती जागा बघायची होती. “जिथनं देव उठून आला तो गाभारा एकदा डोळ्यांनी बघायचाय,” असं त्या कितीतरी वर्षं म्हणत होत्या. मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेस थेट होस्पेटला जाते. बेळगाव, लोंढा, हुबळी, गदग करत, दुपारी बसलं की रात्री पोचतं. गाडी बदलायची भानगड नाही. यांना रजा मिळत नव्हती. वन्सं म्हणाल्या, “मी आहे की. शिकवा मला काय करायचं ते.”

मग सिस्टरांनी त्यांना शिकवलं. पोटाच्या डायलिसिसच्या पेशंटना शिकवणाऱ्या या सिस्टर म्हणजे आमचं हायकोर्ट. त्यांनी वन्संना आधी फक्त हात धुवायला लावलं. कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा वेगळा. धुतल्या हातांनी वन्संनी सवयीने पदर सावरला, तर पुन्हा पहिल्यापासून. वन्सं चिडल्या नाहीत. “सोवळ्याचंच काम आहे हे,” म्हणाल्या आणि परत नळाखाली उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून परवानगी दिली. गाडीत बॅग करायची नाही, असं बजावलं. डब्यातली धूळ, पंखे, ये-जा करणारी माणसं बघता तिथं नळी उघडणं म्हणजे पोटात जंतूंना वाट करून देणं. घरून अकराची बॅग करून निघायचं, होस्पेटला पोचल्यावर रात्रीची करायची, मधली एक त्या दिवसापुरती गाळायची. म्हणून अकराला दीड टक्क्याऐवजी अडीच टक्क्याची बॅग, म्हणजे जास्त साखरेची. ती पाणी जास्त ओढते. असं आपल्या मनाने करू नये, माझ्याबाबतीत ते डॉक्टरांनी ठरवलं. त्यांनी एक पत्रही दिलं. पाणी गढूळ आलं तर कुठली अँटिबायोटिक किती आणि कशी द्यायची ते त्यात लिहिलं होतं, कारण लहान गावातल्या डॉक्टरांनी असा पेशंट पाहिलेला असेलच असं नाही.

बॅगा पुरवणाऱ्यांना आधी कळवलं तर ते परगावच्या पत्त्यावरही खोकी पोचवतात. त्यासाठी लॉज आधी ठरवणं आलं. मी फोन लावला. मॅनेजरने विचारलं, “एसी चाहिए या नॉन-एसी?” मी विचारलं, “खिडकी को गज है क्या?” त्याला कळेना. मग एकेक करून सांगितलं: गज किंवा मजबूत खुंटी, खोलीत बेसिन, कमोड, आतून लागणारी कडी, खाली गालिचा नको, आणि माझ्या नावाने खोकी आली तर ती उन्हात ठेवायची नाहीत. तो जरा गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, आप फोटो भेजो, क्या लटकाना है.” मी बॅगेचा फोटो पाठवला. त्याने परत खिडकीचा फोटो पाठवला. गज होते.

हाताशी मात्र दीड दिवस पुरेल इतक्या बॅगा ठेवल्याच, खोकी पोचली नाहीत तर म्हणून. शिवाय मास्क, नळीच्या तोंडाला लावायच्या टोप्या, चिमटे, ड्रेसिंग, रक्तदाबाचं मशीन, काढलेलं पाणी मोजायला सामान तोलायचा हातातला काटा, आणि बाजारात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला एस आकाराचा लोखंडी हूक. हा हूक म्हणजे आमच्या सामानातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा. पडद्याच्या नळीला, गजाला, कपाटाच्या दाराला, कशालाही अडकतो.

सगळ्यात जास्त घोळ घातला तो फोनच्या प्रश्नाने. माझं नाव पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, प्रतीक्षायादीत आहे. मेंदूमृत माणसाचं मूत्रपिंड जुळलं तर फोन येतो आणि काही तासांत हॉस्पिटलमध्ये हजर व्हावं लागतं. होस्पेटहून पुणं म्हणजे रात्रभराचा रस्ता. “समजा तेव्हाच आला तर?” यांचा प्रश्न. याला उत्तर नव्हतं. हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरला तारखा कळवल्या, वन्संचा नंबरही दिला. त्या बाई म्हणाल्या, “ताई, एका वेळी आम्ही यादीतल्या एकापेक्षा जास्त लोकांना बोलावून ठेवतो. तुम्ही पोचला नाहीत तर ते दुसऱ्याला जाईल. तुमचं नाव पुसलं जात नाही.” समाधान झालं असं नाही, पण गेले.

गाडीत खास काही झालं नाही. हुबळीच्या पुढं गिरमिट आणि मिरची भजी आली, मिठाच्या भीतीने मी वन्संच्या कागदातली एकच घेतली. पोटात दोन लिटर पाणी असताना बसून राहिलं की सहाव्या-सातव्या तासाला बरगड्यांखाली दडपतं, श्वास वरवर होतो. मग दाराशी जाऊन उभी राहायचे. कोप्पळच्या पुढं अंधारच होता.

होस्पेटला खोकी लॉजच्या जिन्याखाली नीट रचून ठेवलेली होती, वर कुणीतरी चादर टाकली होती. साडेदहाला पहिली बॅग. दार लावलं, खिडकी लावली, पंखा बंद केला. टेबल पुसलं. दोघींनी मास्क लावले, हात धुतले. वन्संनी बॅग दाबून कुठं गळत नाही ना बघितलं, तारीख वाचली, टक्के वाचले, हूक गजाला अडकवून ती टांगली. मी नळी जोडली. आतलं पाणी आधी खालच्या पिशवीत उतरतं, वीसेक मिनिटं. मग वरच्या बॅगेची सील मोडून थोडं नवं पाणी सरळ खालच्या पिशवीत जाऊ द्यायचं, नळी धुवायला, मनात पाच मोजेपर्यंत. मग खालचा चिमटा लावायचा आणि वरचं पाणी पोटात. दहा मिनिटं. पंखा बंद केलेल्या त्या खोलीत वन्संच्या कपाळावरून घाम ओघळत मास्कपर्यंत आला, पण त्यांनी तो पुसला नाही. हात धुतलेले होते ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बॅगेला पोटात गोळा आला. काढलेल्या पाण्यात पांढरे धागे तरंगत होते. आमच्यात भीती असते ती गढूळ पाण्याची. गढूळ म्हणजे पोटाच्या पडद्याला जंतुसंसर्ग, मग दुखणं, ताप, कधी नळीच काढावी लागते. धागे बहुतेक वेळा फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे असतात आणि ते तितके धोक्याचे नाहीत. पण परक्या गावात सकाळी सहाला, अर्धवट झोपेत, धागे आणि गढूळ यातला फरक करायला डोळे धजत नाहीत. सिस्टरांनी शिकवलेली खूण म्हणजे पिशवीखाली छापील कागद ठेवायचा. अक्षरं स्वच्छ दिसली तर पाणी नितळ. वन्सं खाली जाऊन मॅनेजरच्या टेबलावरचा पेपर घेऊन आल्या. कानडी. पिशवी त्यावर ठेवली. वळणदार अक्षरं एकूण एक लख्ख दिसत होती, वाचता एकही येत नव्हतं. तरी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. सिस्टरांचं उत्तर आलं: “फायब्रिन. पोट दुखतंय का? ताप? नाही ना? मग पुढच्या बॅगेला बघा आणि सांगा. शौचाला साफ झालं का?” हा शेवटचा प्रश्न वाचून वन्सं हसल्या, पण तोच महत्त्वाचा. पोट साफ नसलं की आतड्यांच्या दाबाने नळीतून पाणी नीट उतरत नाही. प्रवासात हे होतंच. इसबगोल बरोबर होतं. अकराच्या बॅगेला धागे नव्हते.

मॅनेजर मात्र पेपर का नेला हे ऐकून वर आला. दारातच उभा राहून हळू आवाजात विचारलं, “मॅडम, ये फैलनेवाली बिमारी तो नहीं?” मी नाही म्हटलं, किडनीचं आहे सांगितलं. त्याच्या मामाचंही तेच निघालं. मामा बळ्ळारीला आठवड्यातून दोनदा मशीनवर जायचा, तिसऱ्यांदा परवडत नाही म्हणून. पुढचा पाऊण तास मीच त्याला पोटाच्या डायलिसिसबद्दल सांगत बसले.

होस्पेटहून हंपी बारा-तेरा किलोमीटर. माझ्या बॅगांच्या वेळा धरून दिवसाचे दोन तुकडे पडले, सकाळी सात ते साडेदहा आणि दुपारी साडेबारा ते साडेचार. रिक्षावाला दिवसाच्या बोलीवर ठरवला. दुसऱ्या तुकड्यात ऊन फार, म्हणून जे काही बघायचं ते सकाळीच. विरूपाक्षाचं देऊळ, हेमकूटाचा खडकाळ उतार, मोठा गणपती. मातंग टेकडी चढायचा प्रश्नच नव्हता. वन्सं एकट्या जायला तयार होत्या, पण पायऱ्या बघून त्याही ‘खालनंच छान दिसतीय’ म्हणाल्या. तुंगभद्रेच्या काठाशी पोचल्यावर नदीत पाय सोडावेसे वाटले. पाय चालतात. डुंबायचं मात्र नाही, नदीत नाही, समुद्रात नाही, तळ्यात नाही. नळी बाहेर येते ती जागा ओली आणि घाण होता कामा नये.

विठ्ठल मंदिराला बॅटरीच्या गाडीने नेतात. पन्नासच्या नोटेवर आहे तो दगडी रथ तिथं अंगणात उभा आहे आणि सगळी गर्दी त्याच्यासमोर फोटो काढत असते. वन्संनी रथाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सरळ गाभाऱ्याशी गेल्या. आत काही नाही. १५६५ च्या लढाईनंतर विजयनगर उजाड झालं, तेव्हापासून या देवळात पूजा नाही. वन्संनी चपला बाहेर काढल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. रिकाम्या जागेला हात जोडले, माळेला हात लावला आणि मोठ्याने म्हणाल्या, “बरं केलं आणलात.” भानुदासांना म्हणाल्या की देवाला, मी विचारलं नाही. मी खांबाला टेकून उभी होते. फोन बाहेर काढून बघितला तर रेंजची एकच काडी. साडेनऊ वाजले होते, निघायला पाऊण तास होता आणि कुणाचा फोन आला नव्हता.

येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. रिक्षावाल्याने शहाळ्याच्या गाडीपाशी थांबवलं. मशीनवर असताना शहाळं म्हणजे विषच मानायचं, पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटॅशियम रोज चारदा थोडं थोडं धुऊन जातं, उलट माझं कमीकडेच असतं. डॉक्टरांनी माझे आकडे बघून अर्धं शहाळं चालेल म्हटलं होतं. माझ्यावरून दुसऱ्या कुणी पिऊ नये. गाडीवाल्याने कोयत्याच्या तीन घावांत तोंड उघडलं. अर्धं प्यायचं ठरवून स्ट्रॉ लावली. पाणी जरा खारट, जरा गोड, उन्हात राहिल्याने कोमट. वन्सं शेजारी उभ्या राहून शहाळ्यात डोकावत होत्या. “झालं अर्धं,” म्हणाल्या आणि हातातून काढून घेतलं.

नातेवाइकांना हंपीचे फोटो पाठवले तेव्हा ‘तुझ्यापासून प्रेरणा घ्यावी’ असले निरोप आले. मला ते आवडत नाहीत. तीच माणसं निघायच्या आधी ‘आता काय गरज आहे हिंडायची’ म्हणत होती. गरज काहीच नव्हती, मला हिंडायला आवडतं. रिटायर झालेला धडधाकट माणूस हंपीला जातो तेव्हा त्याला कुणी गरज विचारत नाही.

परत आल्यावर नळीची जागा सिस्टरांनी तपासली, लाली नव्हती. डॉक्टरांनी डायरी चाळली. गाळलेल्या बॅगेच्या दिवशी वजन जवळजवळ एक किलोने वाढलं होतं, दुसऱ्या दिवशी उतरलं. ठीक आहे म्हणाले.

आता वन्संना काशी हवी आहे. बॅगा पाठवता येतील, धर्मशाळेत विचारून झालंय, तिथं खुंट्या आहेत. अडचण अंतराची आहे. होस्पेटहून निदान रात्रभरात पुण्याला पोचता आलं असतं, काशीहून तेही नाही. कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या की तेवढे दिवस उपलब्ध नाही असं लिहून देता येईल, त्या काळात माझा विचार होणार नाही. यांचं म्हणणं, इतकी वर्षं थांबलो आणि नेमके तेच दिवस का सोडायचे. वन्सं म्हणतात, फोन यायचा असता तर एव्हाना आला असता. दोघांचंही मला पटतं. तिकिटं अजून काढलेली नाहीत. पुढच्या महिन्याचे रिपोर्ट आले की डॉक्टरांशी बोलायचं ठरलंय.